आरशातली दाढ

"आता माझ्या दवाखान्यात चूक होणं शक्यच नाही!" नवा कॅमेरा गळ्यात अडकवून दातांच्या डॉक्टरांनी बायकोला बजावलं. "प्रत्येक तोंडाचा फोटो, प्रत्येक फोटो कॉम्प्युटरवर! पेशंट काय, वाट्टेल ते सांगतो. फोटो खोटं बोलत नाही!"

पहिलं तोंड मिळालं ते खुद्द वडिलांचं. मुलगा डॉक्टर होऊन इतकी वर्षं झाली, तरी बाबा दात दाखवायला रस्त्यापलीकडच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडेच जायचे. सगळी गल्ली हसायची आणि चिरंजीवांचा जीव जळायचा. सुनेने फारच गळ घातली म्हणून आज ते या खुर्चीत बसले होते. आज बाबांचा विश्वास बसला नाही तर पुन्हा कधीच बसणार नाही, हे डॉक्टरांना पक्कं ठाऊक होतं.

"ही डावी दाढ ठणकतेय. उजवीवर कसंबसं चावतो," बाबा म्हणाले.

"बोलू नका बाबा, आ करा!"

मागच्या दाढांचा फोटो सरळ घेता येत नाही. तोंडात छोटा आरसा धरून आरशातला फोटो घ्यावा लागतो. त्यात डावं उजवीकडे जातं, म्हणून तो नंतर कॉम्प्युटरवर उलटवून सरळ करायचा. डॉक्टरांनी तो लगेच सरळ केला आणि ते हात धुवायला गेले. तेवढ्यात बायको फोटो फाइलला लावायला बसली. नवरा नेहमीसारखा विसरला असणार असं धरून तिनेही तो सरळ केला! म्हणजे पुन्हा उलटा. अति दक्ष माणसं एका घरात दोन असू नयेत.

पडद्यावर तडा गेलेली दाढ उजवीकडे झळकत होती. तोंडात बघावं, तर दोन्हीकडे चांदी भरलेल्या, सारख्याच काळपट दाढा; केसाएवढा तडा नुसत्या डोळ्यांना दिसेना.

"बाबा, खराब उजवी आहे."

"अरे, दुखतेय डावी!"

"दुखणं फसवं असतं. इकडचं तिकडे जाणवतं."

"माझं तोंड आहे रे ते!"

"आणि हा त्याचाच फोटो आहे!"

दुखणं असं बाजू बदलत नाही, हे डॉक्टर स्वतः परीक्षेत लिहून पास झाले होते. पण एवढा मोठा पडदा भिंतीवर लावल्यावर डोकं कोण वापरतो! बाबांनी सुनेकडे पाहिलं. "दिसतंय खरं उजवीकडेच," ती हळूच म्हणाली. बाबांनी पुन्हा आ केला.

दाढ निघता निघेना! डॉक्टर घामाघूम झाले. अखेर हातात आली ती मुळापर्यंत ठणठणीत.

"डावी अजून ठणकतेय," सुईने बधिर झालेल्या तोंडाने बाबा म्हणाले.

"तुम्ही फोटो सरळ केला होतात?" बायकोचा आवाज चिरकला.

"म्हणजे तूपण केलास?"

बाबा गालात कापूस दाबून उठले आणि थेट रस्ता ओलांडून गेले. डॉक्टर मागे धावले, पण आत जायचं धाडस होईना. दाराबाहेरच थांबले. लाज अशी वाटत होती की भिंतीला चिकटून उभे राहिले.

आत म्हातारे डॉक्टर विचारत होते, "कुठे दुखतंय? बोट ठेवा बघू." मग थोड्या वेळाने, "आणि ही उजवी? भक्कम होती की हो! कुठल्या गाढवाने उपटली?"

बाहेर डॉक्टरांनी कान टवकारले.

"आहे एक," बाबा बोबडं बोलले. "जाऊ द्या. शिकतोय अजून."