मॉरिसचा समतोल

जुनी वस्तू वापरली तर झिजते आणि न वापरली तर गंजते. म्हणून तिच्यासाठी समिती नेमावी, हे कोणताही सुज्ञ माणूस मान्य करील. आमच्या नागपुरात १९७८ साली असे सुज्ञ लोक सात निघाले. त्यांची जुनी मोटार संवर्धन समिती झाली आणि मी तिचा चिटणीस झालो (बाकीच्या सहांना अध्यक्ष व्हायचं होतं).

समितीपुढे मोटार एकच होती. सदर भागातले संत्र्याचे व्यापारी मधुकरराव ठवकर यांची १९३७ सालची मॉरिस. त्यांचे वडील रुपराव यांनी ती सेहेचाळीस साली, विलायतेला परत चाललेल्या एका साहेबाकडून घेतली होती. पुढे रुपराव गेले. मोटार राहिली आणि त्यांच्या पत्नी यमुताई राहिल्या. वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, एसटीची पायरी काही त्यांना चढवत नसे. मोटारीविषयी त्यांचं मागणं एवढंच होतं की काटोलला धाकटी बहीण सुभद्रा अंथरुणाला खिळली आहे, तिला एकदा भेटून यायचं.

"मधू, गाडी चालते ना बापा? मंग मले काटोलले नेऊन आन. सुभद्राचं काही खरं नाही गा," असं त्या दिवाळीत म्हणाल्या.

गाडी चालत होती. नत्थूजी मिस्त्रीनं पंचवीस वर्षं ती चालती ठेवली होती. पण सव्वीस जानेवारीला जुन्या मोटारींची स्पर्धा होती आणि तिच्यात 'मूळ स्वरूप व आधुनिक सजावट यांचा समतोल' असा एक खास विभाग होता.

"थांब ना वं माय," मधुकरराव म्हणाले. "अशा अवतारात काहून नेऊ तुले? थोडी सजवून घेतो, मंग थाटात जाऊ. आठ दिवसांचं तं काम आहे."

आठ दिवसांच्या कामाला कोणी आठच दिवस लावले तर लोकांना त्याच्या दर्जाविषयी शंका येते. म्हणून समितीनं पहिल्या महिन्यात फक्त समतोलाची व्याख्या केली. व्याख्या अशी: मोटारीत एक आधुनिक वस्तू बसली की मूळपणाला धक्का बसतो, तो भरून काढण्यासाठी एक मूळ वस्तू वापरातून काढून सुरक्षित जागी जपावी. ठराव एकमतानं झाला. मधुकररावांनी त्यासाठी बैठकीत सागवानी काचेचं कपाट करून घेतलं.

"साहेब, सारं कपाटात ठेवून राहिले तं गाडीत काय राहीन?" नत्थूजीनं विचारलं. हा प्रश्न तांत्रिक स्वरूपाचा असल्यामुळे त्याच्यावर चर्चा झाली नाही.

काम झपाट्यानं सुरू झालं. मागच्या काचेला जांभळे मखमली पडदे लागले, म्हणून पितळी भोंगा कपाटात गेला. टेपरेकॉर्डर बसला, तेव्हा विलायती घड्याळ निघालं (ते तोवर बरोबर वेळ दाखवत होतं, कपाटात गेल्यावर थांबलं, आता अधिक ऐतिहासिक दिसतं). मग कोणीतरी म्हणालं की नागपूरची मोटार आणि तिला कूलर नाही, लोक काय म्हणतील! स्पर्धा ऐन थंडीत होती, पण आधुनिकता काही हवा पाहून येत नसते. छताला भोक पाडून खसच्या ताट्यांचा कूलर बसवला. त्याच्या पाण्याची टाकी ठेवायला मागची चामडी सीट काढली आणि बॅटरी ठेवायला पुढची, ड्रायव्हरशेजारची.

यमुताई काठी टेकत अंगणात आल्या. मोटारीभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, "मी कुठं बसू गा?"

प्रश्न विषयपत्रिकेवर नव्हता.

काटोलहून या काळात तीन पत्रं आली. सुभद्राबाईंचा मुलगा रविंद्र लिहायचा, आई रोज विचारते, ताई निघाली का. पहिलं पत्र पडद्यांच्या वेळी आलं, दुसरं कूलरच्या वेळी. तिसऱ्यात लिहिलं होतं की आता ती माणसं ओळखत नाही, फक्त तुमचं नाव घेते. त्या दिवशी समिती धुक्यातले चार पिवळे दिवे दोन रांगांत लावावेत की एकात, या विचारात होती. दिवे लागले. त्यांच्या बदल्यात जपण्यासारखी मूळ वस्तू आता एकच उरली होती, म्हणून इंजिन उतरवलं. स्पर्धेत मोटार चालवून दाखवायची अट नव्हतीच, ढकलत नेणार होतो. कपाटाची खालची फळी तेवढी काढावी लागली. नत्थूजी त्या दिवशी जेवला नाही. हे इतिवृत्तात नाही, मला त्याच्या बायकोनं सांगितलं.

वीस जानेवारीला मी स्पर्धेची नियमावली पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. मोटारीत प्रत्यक्ष निम्मं तरी मूळपण हवं. आम्ही मोजलं, अकरा टक्के भरलं. मधुकरराव डोकं धरून बसले. तेव्हा तोड मी काढली, आणि तिचा मला फार दिवस अभिमान होता. मोटारीबरोबर सेहेचाळीस सालापासून असलेलं आणि कुठंही न बदललेलं घरात आणखी काय आहे? यमुताई! समितीनं त्यांना चाळीस टक्के मूळपण बहाल केलं. एकूण एक्कावन्न. टाकीला लागून एक स्टूल मावत होतं.

मधुकरराव आनंदानं आत गेले. खाट रिकामी होती.

"माय कालच गेल्या काटोलले," त्यांच्या पत्नी पुष्पलता म्हणाल्या. "नत्थूजीनं उचलून बसवलं त्याइले एसटीत."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही मीटिंगमध्ये होते."

आम्ही दोघांनी टॅक्सी करून काटोल गाठलं (घरची मोटार बैठकीत होती). माजघरात खाटेवर सुभद्राबाई, मूठभर झालेल्या. उशाशी यमुताई चमच्यानं पेज भरवत होत्या. पत्रात काहीही असो, ताईला सुभद्राबाईंनी ओळखलं होतं. आमची चाहूल लागताच त्यांनी डोळे उघडले.

"मधू आला का वं? मोटर आनली?"

यमुताईंनी मुलाकडे पाहिलं.

"आनली वं," त्या म्हणाल्या. "दाराशी उभी आहे. दोन घास खा, मंग तुले बसवतो. तुह्या रविंद्रच्या लग्नात बसली होती ना, तशीच आहे, जशीच्या तशी."

सुभद्राबाई हसल्या आणि त्यांनी तोंड उघडलं. मधुकररावांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. माझ्या खिशात यमुताईंच्या संमतीचा छापील अर्ज होता, तो मी बाहेर काढला नाही. मला लाज वाटली. चिटणीसाला अशी नोंद करता येत नाही, म्हणून इथं करतो.

सुभद्राबाई पंचवीस तारखेला सकाळी गेल्या. सव्वीसला मॉरिसला दुसरं बक्षीस मिळालं. यमुताई काटोललाच असल्यानं स्टुलावर त्यांचा फोटो ठेवला होता, परीक्षकांनी तो चालवून घेतला. ढाल कपाटात ठेवली आहे.

वाचकहो, आपण सुज्ञ आहात, आपल्याला मधुकररावांचा राग आला असेल. खुशाल येऊ द्या. फक्त एक करा. आपल्या बैठकीतही काचेचं कपाट असेल आणि त्यात पाहुण्यांसाठी जपलेला, सोनेरी काठाचा सहा कपांचा सेट असेल. त्यातला एक कप काढा आणि आज आईला त्यात चहा द्या.

नाही देणार. सेट फुटेल.