चोवीसशे सतराची नोंद

"तुमची ती वही मी देऊन टाकली हं," बायको म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

"कुठली वही?" अनुस्वाररावांनी वर्तमानपत्रातून मान वर काढली. त्यांच्या हातात लाल पेन होतं. सदतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून ते निवृत्त झाले होते, पण पेन काही निवृत्त झालं नव्हतं. रोज सकाळी पेपर वाचायचा म्हणजे त्यातल्या चुका काढायच्या, हा त्यांचा नेम. एका अनुस्वारासाठी त्यांनी एकदा चालू मशीन थांबवलं होतं. तेव्हापासून छापखान्यात त्यांचं हे नाव पडलं आणि पुढे पोस्टमनसुद्धा त्याच नावाने हाक मारू लागला.

"इंजिनांची वही हो. निळ्या पुठ्ठ्याची. माळा साफ करताना सापडली. ते जुन्या रेल्वेवाल्यांचं मंडळ आहे ना, त्यांचं प्रदर्शन आहे. म्हटलं, द्यावी. नुसते पेपरवर रेघोट्या मारत बसता. लोकांना कळू दे, तुम्हीही कधीतरी काहीतरी केलंय."

अनुस्वाररावांनी लाल पेन मिटून ठेवलं. कारण आपण 'कधीतरी' काय केलंय, ते त्यांना चांगलंच ठाऊक होतं.

बारा वर्षांचे असताना ते आणि त्यांचा मित्र चष्म्या, दोघे उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज दुपारी रुळांवरच्या पादचारी पुलावर जाऊन उभे राहत. चार वाजून दहा मिनिटांनी समुद्राकडे जाणारी उन्हाळी एक्स्प्रेस पुलाखालून जायची. पुढे वाफेचं इंजिन, मागे चौदा डबे आणि प्रत्येक खिडकीत चेहरे. इंजिन पुलाखाली शिरलं की दोघे धुरात दिसेनासे होत आणि धूर निवला की एकमेकांची काळी नाकं बघून हसत. मग इंजिनाचा नंबर वहीत उतरवायचा. ज्याचे नंबर जास्त, तो मोठा.

पण वाफेचे दिवस भरत आले होते. आधी मालगाड्यांची इंजिनं गेली, मग पॅसेंजरची. त्या शेवटच्या उन्हाळ्यात तर एक्स्प्रेसपुढेही डिझेल येऊ लागलं. सलग बारा दिवस डिझेल! भोंगा वाजवत यायचं आणि धूर न सोडता निघून जायचं. डिझेल बघायला उन्हात कोण उभं राहणार? दोघांनी पुलावर जाणं सोडलं. चष्म्याच्या वहीत बाहत्तर नंबर होते आणि अनुस्वाररावांच्याही वहीत बाहत्तर. आता नवीन नंबर मिळणारच नव्हता. म्हणजे ही बरोबरी जन्मभर राहणार होती.

एकोणीस मेच्या दुपारी बारा वर्षांच्या अनुस्वाररावांना ती बरोबरी सहन झाली नाही. घरातल्या पाण्याच्या मीटरवर शेवटचे चार आकडे होते दोन, चार, एक, सात. एक्स्प्रेसची इंजिनंही चोवीसशेच्या मालिकेतलीच असत. त्यांनी वही उघडली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'एकोणीस मे. उन्हाळी एक्स्प्रेस. वाफ. २४१७.' दुसऱ्या दिवशी वही चष्म्याला दाखवली. चष्म्याचा चेहरा पडला आणि तो तडक घरी गेला. तेवढ्यासाठी ते खोटं होतं. तेवढ्यावरच संपायला हवं होतं.

वही मंडळाकडे गेल्यावर आठ दिवसांनी फोन वाजला. मंडळाची सेक्रेटरी. बाई नकाशांच्या कचेरीत कामाला, पण जीव सगळा रुळांत.

"काका, तुम्ही काय करून ठेवलंय याची कल्पना आहे का तुम्हाला?"

सापडलो, असं वाटून अनुस्वारराव खुर्चीत बसले. "मी... तेव्हा लहान होतो हो."

"लहान होतात म्हणून तर कमाल! अहो, रेल्वेच्या दप्तरात चोवीसशे सतरा फेब्रुवारीतच भंगारात काढलंय. आणि तुमच्या वहीत ते मे महिन्यात एक्स्प्रेस ओढतंय! म्हणजे कागदावर मेलेलं इंजिन तीन महिने जिवंत होतं. काका, तुम्ही इतिहास बदललात!"

"पण माझी चूकही असू शकते ना."

"तुमची?" बाई खळखळून हसल्या. "गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या मासिकात सत्तावन्न चुका काढून पाठवल्या होत्यात तुम्ही. त्यातली एक तर स्वल्पविराम तिरका छापलाय ही होती. तुम्ही आकडा चुकणार? काका, तुमचा हा नम्रपणा पुरे झाला."

पुढच्या अंकात लेख आला. 'मरणानंतर धावलेले इंजिन.' सोबत वहीच्या पानाचा फोटो. अनुस्वाररावांनी लाल पेन उघडून लेख तीनदा वाचला. छपाईची एकही चूक नव्हती. सगळ्या लेखात चूक एकच होती, ती त्यांची होती आणि ती ठळक टाइपात छापली होती.

आता निदान घरात तरी सांगून टाकावं, म्हणून त्यांनी घसा खाकरला. "अगं, ऐक ना. त्या इंजिनाचं जरा..."

"हो, विहीणबाईंना पण सांगितलं मी! जावयांनी ऑफिसात लेख लावलाय. आणि हे बघा." बायकोने एक चित्र पुढे धरलं. नातीने काढलेलं काळंभोर इंजिन, पुढे मोठ्ठा नंबर आणि पुलावर हात हलवणारा एक मुलगा. खाली लिहिलं होतं, 'माझे आजोबा कधीच खोटं लिहित नाहीत.' शाळेत पहिलं बक्षीस मिळालं होतं त्याला. "काय म्हणत होतात तुम्ही?"

"काही नाही. छान काढलंय," अनुस्वारराव म्हणाले. 'लिहित'ची वेलांटी चुकली होती, पण ती दाखवायचं त्यांना धाडस झालं नाही.

इकडे मंडळातल्या दोन-चार चिकित्सक मंडळींनी आक्षेप घेतला. एका पोराच्या वहीवरून इतिहास बदलता येत नाही, दुसरा साक्षीदार आणा. अनुस्वाररावांना हायसं वाटलं. दुसरा साक्षीदार येणार कुठून? जे घडलंच नाही, ते दुसऱ्याने पाहिलेलं असणार कसं?

चारच दिवसांत दुसरा साक्षीदार आला. गावातले नामांकित दंतवैद्य आपली जुनी वही घेऊन मंडळात हजर झाले. त्यांच्याही वहीत तीच तारीख, तीच गाडी, तोच नंबर. दंतवैद्य म्हणजे अर्थात चष्म्या.

अनुस्वाररावांच्या लगेच लक्षात आलं. त्या दिवशी चेहरा पाडून घरी गेलेल्या चष्म्याने वही उघडून तो नंबर तसाच्या तसा उतरवला होता. पण हे सिद्ध कसं करणार? चष्म्या खोटं बोलतोय हे सांगायचं तर आधी आपण खोटं लिहिलं हे सांगायला हवं. शेवटी, आपणच पहिले खोटे, तेव्हा आपणच जाऊन बोलावं, असं ठरवून ते चष्म्याच्या दवाखान्यात गेले.

"ये, ये! बस!" चष्म्याने त्यांना थेट खुर्चीत बसवलं आणि खुर्ची मागे पाडली. "आ कर बघू. अरे बाप रे, ही दाढ कधीपासून अशी?"

"मला तुझ्याशी जरा बोलायचंय, ते इंजिन..." एवढं म्हणेपर्यंत त्यांच्या तोंडात कापसाचे दोन बोळे आणि एक आरसा गेला होता.

"काय दिवस होता रे तो!" चष्म्या दाढ कोरत म्हणाला. "मी पुलाच्या त्या टोकाला होतो. तुला दिसलो नसेन. धूर असा वर आला की विचारू नकोस. ड्रायव्हरने मला बघून हात केला. लाल रुमाल होता त्याच्या गळ्यात."

"आँ! आँ आँ!"

"हो ना, मलाही तसंच भरून येतं," चष्म्या म्हणाला. "हलू नकोस."

अनुस्वारराव बधिर गाल घेऊन घरी आले. लाल रुमाल! त्यांनी नुसता नंबर लिहिला होता, याने तर त्याला ड्रायव्हर चढवला. त्यांना राग येत होता आणि त्या रागाची लाजही वाटत होती, कारण मूळ गाडी त्यांनीच सोडली होती.

आठवड्याभरात सेक्रेटरीबाईंचा फोन आला. पुलाच्या पायथ्याशी पाटी लागणार होती. 'येथून चोवीसशे सतरा या इंजिनाचे शेवटचे दर्शन दोन शाळकरी मुलांना झाले.' रविवारी सकाळी समारंभ. दोन्ही साक्षीदारांनी चार शब्द बोलायचे.

"आणि काका, सगळ्यात भारी बातमी! त्या काळात उन्हाळी एक्स्प्रेसच्या इंजिनावर कोळसा टाकणारे एक फायरमन सापडलेत. ऐंशी वर्षांचे आहेत, पण खणखणीत. पाटीचं अनावरण त्यांच्याच हातून!"

अनुस्वाररावांनी फोन ठेवला. जो माणूस त्या इंजिनाच्या पोटात कोळसा टाकत होता, तो भर समारंभात उठून 'हे कधी झालं?' असं विचारणार. रविवारपर्यंत त्यांनी पेपर उघडला नाही. लाल पेनकडे बघवेना. आयुष्यभर लोकांच्या चुका खुणा करून त्यांच्या टेबलावर आपटल्या आणि स्वतःची चूक मात्र पंचावन्न वर्षं माळ्यावर ठेवली. फायरमनने सांगण्याआधी आपणच सांगायचं, एवढं मात्र त्यांनी नक्की केलं.

रविवारी पुलाच्या पायथ्याशी चाळीसेक माणसं जमली. पुढच्या रांगेत बायको, मुलगी, जावई, नात. व्यासपीठावर चष्म्या नवा कोट घालून आणि त्याच्या शेजारी फायरमन, रुंद पंजांचे, काठी धरून बसलेले. अनुस्वाररावांचं नाव पुकारलं गेलं तसे ते पुढे आले.

"मंडळी," ते म्हणाले, "मी त्या दिवशी पुलावर नव्हतोच. चोवीसशे सतरा हे इंजिन मी पाहिलेलं नाही. तो आमच्या घरातल्या पाण्याच्या मीटरचा नंबर आहे. मी तो खोटाच लिहिला. मला माफ करा."

लोक आधी हसले. मग हसू थांबलं. बायको नातीच्या कानांवर हात ठेवावा की स्वतःच्या, या विचारात पडलेली दिसली.

"मीटर?" सेक्रेटरीबाई पुटपुटल्या. "मी मीटरवर लेख लिहिला?"

तेवढ्यात चष्म्या ताडकन उभा राहिला. "याचं काही ऐकू नका! वय झालंय, विसरतो तो. मी होतो ना पुलावर! मी या डोळ्यांनी पाहिलंय!"

"चष्म्या, खाली बस," अनुस्वारराव हळूच म्हणाले. त्यांनी चष्म्याचं नाव घेतलंच नव्हतं. त्याला वाचवायचं त्यांच्या मनात होतं.

"का बसू? ड्रायव्हरने हात केला मला! लाल रुमाल होता!"

सेक्रेटरीबाई रडकुंडीला आल्या होत्या. त्या फायरमनकडे वळल्या. "आजोबा, आता तुम्हीच सांगा. एकोणीस मेला एक्स्प्रेसपुढे वाफेचं इंजिन होतं की नव्हतं?"

म्हातारबुवांनी काठी दोन्ही हातांनी धरली आणि पुलाकडे बघितलं.

"होतं," ते म्हणाले.

आता खुर्चीत बसायची पाळी अनुस्वाररावांची होती.

"त्या दिवशी डिझेल बंद पडलं ऐन वेळी. गाडी माणसांनी गच्च भरलेली. मग साहेब म्हणाले, भंगारात न्यायला जे इंजिन उभंय तेच पेटवा. पेटवलं. तारीख पक्की आठवते, त्याच दिवशी माझी थोरली जन्मली. मी इंजिनावर आणि बायको दवाखान्यात."

"बघा!" चष्म्या ओरडला. "काय सांगत होतो!"

"आणि नंबर? चोवीसशे सतराच होता ना?" सेक्रेटरीबाईंनी श्वास रोखून विचारलं.

"आता ते कसं सांगू, बाई? नंबर बाहेर असतो. आम्ही आत." म्हातारबुवांनी काठी पुलाकडे रोखली. "पण एक आठवतं. दोन पोरं रोज या पुलावर असायची. एकाला चष्मा होता. सारखा हात हलवायची. डिझेल आल्यापासून दिसेनाशी झाली होती. त्या दिवशी मी ड्रायव्हरला म्हटलं, पूल आला की लांब शिटी द्या, पोरं खूश होतील. त्यांनी शिटी दिली. चांगली लांब. मी बाहेर वाकून वर बघितलं, तर पुलावर चिटपाखरू नव्हतं. वाईट वाटलं मला. वाफेवरची शेवटची गाडी, आणि बघायला कोणी नाही."

चष्म्याने चष्मा काढला आणि कोटाच्या टोकाने पुसायला लागला. पुसतच राहिला. लाल रुमालाबद्दल त्याला कोणी विचारलं नाही, तेच त्याला फार झालं असावं.

पाटीवरचा पडदा त्या दिवशी तसाच राहिला. इंजिन धावलं होतं हे खरं, पण ते कोणी पाहिलं असं लिहायचं, याचा निर्णय मंडळाच्या पुढच्या बैठकीवर गेला. लोक पांगले. बायको नातीला घेऊन पुढे निघाली. जाताना एवढंच म्हणाली, "घरी या, मग बोलू," आणि तिच्या स्वरावरून ते बोलणं बरंच लांबणार असं दिसत होतं.

दोघे म्हातारे पुलाच्या पायऱ्यांवर बसले.

"मी तुझ्याच वहीतून उतरवला होता," चष्म्या खाली बघत म्हणाला. "पंचावन्न वर्षं मला वाटत होतं, याने खरं पाहिलं आणि आपण चोरलं. लाज वाटायची रे."

"मलाही."

"पण तू तर घरीच होतास ना त्या दुपारी? तुझं घर म्हणजे इथून तीन गल्ल्या. एवढी लांब शिटी दिली म्हणतात ते. तुला ऐकू आली नाही?"

खालून एक गाडी गेली आणि तिचा शेवटचा डबाही वळणाआड गेला.

"आली होती," अनुस्वारराव म्हणाले. "नंबर लिहीत होतो तेव्हाच आली. मला वाटलं, खोटं लिहितोय म्हणून भास होतोय."