डावा गाल कल्लूचा, उजवा रामलालचा

तात्या पोतनीसांचा डावा गाल कल्लू न्हाव्याकडे होता आणि उजवा रामलालकडे. दोघांची दुकाने आमच्या गल्लीच्या दोन टोकांना. तात्या अर्धी दाढी करून घेत आणि उरलेल्या गालावर साबण तसाच ठेवून भर रस्त्याने दुसऱ्या टोकाला जात. कोणी हसले तर थांबून समजावत, "मुकाबला पाहिजे, भिया. एकाच्या हाती पूरा चेहरा दिला की तो मालक होतो."

संस्थानी अमलात तात्या ठेक्यांच्या कचेरीत होते. शहराचा बर्फ तेव्हा एकाच ठेकेदाराकडे. उन्हाळा चढला की तो मनाला येईल तो भाव लावी, आणि त्या कागदावर शिक्का तात्यांना मारावा लागे. संस्थान जाऊन मध्यभारत राज्य झाले, तात्या पेन्शनीत गेले आणि त्यांनी ठेकेदारीविरुद्ध युद्धच पुकारले. त्याचा फायदा होत होता, हे कबूल केले पाहिजे. रामलालने नवा वस्तरा आणला म्हणून कल्लूने डोक्याची चंपी फुकट सुरू केली, ती मग आम्हा सगळ्यांनाच मिळू लागली. पुढे दोघांनी संगनमत करून एकदम भाव वाढवला, तेव्हा तात्यांनी नुसत्या मिशीसाठी तिसरा न्हावी आणला. भाव खाली आला. मिशी मात्र कायमची वाकडी झाली.

घरात ठेकेदार एकच, त्यांच्या पत्नी माई. "पोह्यांवर हिचा कब्जा आहे," असे म्हणून तात्यांनी स्वयंपाकघरात दुसरी शेगडी मांडली. दर रविवारी पोह्यांच्या दोन बशा बाहेर येत आणि निकाल शेजारी म्हणून मी द्यायचा. मी पोटाला जागून माईंचे नाव घेई. "पुढल्या इतवारी बघू," तात्या म्हणत. माईंना एकदा तरी हरवायचे, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. त्यापायी ते चार दुकाने फिरून पोह्यांत घालायची शेव आणि बडीशेप निवडून आणत. "आणू देत," माई म्हणत, "माझी चक्कर वाचते."

एका हिवाळ्यात माईंनी अंथरूण धरले. ताप उतरेना, अन्न जाईना. रविवारी मी गेलो तर एकच शेगडी पेटलेली. तात्यांनी आपली बशी माईंच्या उशाशी नेली. पोहे खाली लागले होते, वर त्यांचा गिच्च गोळा झाला होता. माईंनी कसेबसे दोन घास घेतले आणि हळूच म्हणाल्या, "आज तुमचेच चांगले. जिंकलात हो तुम्ही."

तात्यांचा चेहरा उतरला. इतकी वर्षे ज्यासाठी धडपडले ते हाती आले, आणि ते घाबरून गेले.

"हा निकाल मला मंजूर नाही," ते म्हणाले. "समोर कोणी नसताना जिंकणे म्हणजे ठेकेदारीच झाली. तू बरी हो, मग मला हरव."

ते उठून आत गेले. मला राहवेना, म्हणून मीही मागोमाग गेलो. माईंच्या थंड शेगडीपुढे बसून तात्या एकेक कोळसा रचत होते, आणि त्या वाकड्या मिशीवरून आसवे ओघळत होती.

"पुढल्या इतवारी लागेल तिला," ते म्हणाले.