रुमालाला तिकीट नाही

आमच्या शेजारचे सुकलाल आबा फोनवर बोलण्याआधी घंटी देतात. खरोखरची घंटी. जुन्या एसटीत छताखालून दोरी जायची आणि कंडक्टरने ती ओढली की ड्रायव्हरच्या डोक्याशी टण्ण व्हायचं, ती. आबा जन्मभर धुळे-जळगाव गाडीवर कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवदेव करतात, माळ घालतात. आबांनी भंगारवाल्याकडून ती घंटी आणली, एरंडोलच्या आपल्या घरात पुढच्या खोलीत टांगली आणि दोरी पार सोफ्यापासून दारापर्यंत ताणली. पाहुणा उठला की दोरी त्याच्या कपाळाला लागते. आबा शांतपणे म्हणतात, "वाकीसन चाला. सवय व्हई जाई."

या घंटीवर दर रविवारी दुपारी आबांचा ग्रुप व्हिडिओ कॉल सुटतो. सुटतो असंच म्हणायचं. मोठा मुलगा अशोक सुरतेला कापडाच्या कारखान्यात, पुतणे कुणी पुण्याला, कुणी वापीला. एके काळी आमची अर्धी गल्ली आबांच्या भाऊबंदांची होती, आता तिथे कुलपं आहेत आणि कुलपांवर गंज. तर हे सगळे भाऊबंद फोनच्या पडद्यावर चौकोन चौकोन करून येऊन बसतात. सगळे बसले की आबा दोरी दोनदा ओढतात, टण टण, आणि मग बोलायला सुरुवात. डबल घंटीच्या आधी कुणी बोललं तर आबा ऐकत नाहीत. "गाडी हालनी नही अजून," म्हणतात.

यात माझा संबंध एवढाच की आबांना फोन हाताळता येत नाही आणि मी भिंतीपलीकडे राहते. मी शाळेत शिकवते. रविवारची दुपारची झोप ही माझी एकमेव चैन. नेमका डोळा लागला की भिंतीवरून हाक येते, "मॅडम, गाडी चालू व्हत नही!" माझं माहेर नाशिकचं. इथे येऊन इतकी वर्षं झाली, अहिराणी सगळी समजते, पण बोलायला गेले की वर्गातली पोरं हसतात. म्हणून मी मराठीत कुरकुरते आणि जाते.

पहिल्या काही रविवारी तर नुसता गोंधळ होता. पुण्याचा पुतण्या नितीन पडद्यावर सगळ्यात वर दिसायला लागला आणि त्याच्या खाली अशोक. आबा खवळले. "नित्या, काकाना पोऱ्या मोठा शे तुनापेक्षा. त्याना डोकावर कसाले बसना? उतर खाले!" नितीन बिचारा म्हणाला, की आबा, माझ्या फोनमध्ये तर तुम्हीच खाली आहात. झालं. आबा इतके दुखावले की आठवडाभर माझ्याशीही बोलले नाहीत. प्रत्येकाच्या फोनमध्ये जागा वेगळ्या असतात हे मी त्यांना पाटीवर चौकोन काढून समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असी गाडी मी कधी चालू दिधी नही."

कुणी कॅमेरा बंद ठेवला आणि नुसता काळा चौकोन दिसला की आबांचा ठरलेला ओरडा: "दारात उभा राहू नको! मधमा ये, जागा शे!" सुना स्वयंपाकघरातून घाम पुसत समोर येतात, पोरं अंथरुणातून उठून बसतात. आबांना दारात लोंबकळणारा माणूस जन्मात खपला नाही.

आणि दुसरं खपलं नाही ते रुमाल टाकणं. तुम्ही एसटीने गेला असाल तर तुम्हाला माहीतच आहे. गाडी स्टँडात शिरते न शिरते तोच लोक खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, एखादा तर कडेवरचं पोरही सीटवर टाकतो, की जागा आपली. बाकीचे कंडक्टर तिकडे काणाडोळा करत. आबा पारोळ्याच्या स्टँडात आधी आत शिरून सगळे रुमाल गोळा करायचे आणि पायरीवर उभे राहून वाटायचे. "रुमालाला तिकीट नाही, माणूस दाखवा!" एकदा म्हणे कुणा पुढाऱ्याची टोपी त्यांनी अशीच परत केली आणि पुढाऱ्याला जळगावपर्यंत उभं नेलं. हा किस्सा आबा सांगतात तेव्हा त्यांची छाती अजून फुगते. वाक्य इतकं पाठ झालं होतं की घरातही तेच. पंगतीत कुणी भावासाठी पाट राखून ठेवला की आबा पाट उचलत. रुमालाला तिकीट नाही.

हे वाक्य त्यांनी एकदा नको तिथे वापरलं.

आबांना धाकटा मुलगा आहे. गोपाल. मस्कतला क्रेन चालवतो. तीन वर्षांपूर्वी आबांची बायको गेली. गल्ली त्यांना अक्का म्हणायची, मीही अक्काच म्हणायचे. सकाळी विहिणीशी फोनवर बोलत होत्या आणि दुपारी नव्हत्या. गोपालला मालकाने सोडलं नाही. त्याने फोन केला, व्हिडिओ लावला, आणि भाऊबंदांपैकी जे आले नव्हते तेही त्याच फोनवर होते. अंगणात अक्कांना ठेवलेलं. नितीनने फोन वर धरलेला. पडद्यावर गोपाल डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढायचंही विसरून रडत होता. "आबा, मले आईना तोंड दखाडा," म्हणत होता.

आबांनी फोनकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "रुमालले तिकीट नही, गोपाल. माणूस दखाड."

आणि फोन पालथा केला.

मी तिथेच उभी होते. आबांचा राग मालकावर होता, मस्कतवर होता, मरणावर होता, हे मला तेव्हाही कळलं. पण ऐकणाऱ्याला ते कसं कळावं? त्या रात्रीच गोपाल भाऊबंदांच्या ग्रुपमधून बाहेर पडला. अशोकशी बोलतो म्हणे. बापाशी नाही. गेल्या वर्षी दोन महिन्यांची सुट्टी मिळाली तर सुरतेपर्यंत येऊन परत गेला. आबांना ते गल्लीतल्या किराणावाल्याकडून कळलं.

त्यानंतरच आबांनी हा रविवारचा कॉल सुरू केला. आधी तर त्यांना फोनचा तिटकारा होता. कुणाला कारण सांगितलं नाही. फक्त सगळे बसले, की दोरीला हात घालून ते थांबतात आणि विचारतात, "अजून कोनी चढनार शे का?"

सगळे खाली बघतात. नातवंडंसुद्धा. आबा पडद्याकडे पाहत राहतात. मग टण टण.

या श्रावणात कानबाई आली. खानदेशात कानबाई म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची देवी सजवून बसवतात, रात्रभर गाणी म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी नदीवर पोचवतात. यात खरी गोष्ट असते रोटांची. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते दळायचे आणि त्या कणकेचे जाड रोट करायचे. ते भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला तुकडाही द्यायचा नाही. आणि पौर्णिमेपर्यंत संपलेच पाहिजेत. म्हणून तर त्या दिवशी माणूस कुठूनही गावी येतो.

यंदा कुणी आलं नाही. अशोकच्या बायकोचं, रेखाचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, वापीच्या पुतण्याला सुट्टी नाही, नितीनच्या मुलाची परीक्षा. अशोक म्हणाला, "आबा, तुम्हीच इकडे या. कानबाई सुरतेला बसवू." आबा म्हणाले, "कानबाईनी बदली व्हत नही."

मग कानबाई फोनवर झाली. रेखा सुरतेहून पलंगावरूनच सांगत होती, आबा इथे परातीत. "आबा, पाणी जास्त झालं." "आते सांगी ऱ्हायनी का?" "अजून पीठ घाला." "पीठ मोजेल शे, घालू कोठून?" मी परक्या घरची, त्यामुळे रोटांना माझा हात चालत नाही. मी उंबऱ्यात उभी राहून नुसता फोन धरला होता. सत्तरी ओलांडलेला म्हातारा धोतर खोचून एकटा कणीक मळतोय आणि फोनमधून आठ घरं सूचना करतायत. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी ते पाहवत नव्हतं. गव्हाच्या मुठी घेताना त्यांनी एकेक नाव मोठ्याने घेतलं होतं. एक मूठ त्यांनी काहीच न बोलता टाकली.

रोट झाले ढीगभर आणि खाणारे एकटे आबा. आता दुसऱ्याच्या वाट्याचं कसं खायचं? तर आबांनी नियम काढला. रोज संध्याकाळी कॉल लावायचा आणि ज्याचा वाटा त्याला विचारायचं. "अशोक, तुना वाटाना रोट शे. खाऊ का?" अशोकने "खा आबा" म्हणायचं. मगच घास. नितीनचा आवाज येईना, ओठ नुसते हलत होते, तर आबा घास हातात धरून बसून राहिले. "ऐकू येत नही. परवानगी नही." नितीन तिकडे बटणं दाबतोय, ओरडतोय, मान हलवतोय. "मान हालाडीसन चालत नही, तोंडे सांग." शेवटी त्याच्या मुलाने बाजूच्या फोनवरून "खा म्हणतायत बाबा" असं सांगितलं तेव्हा घास तोंडात गेला.

आबांच्या तोंडात दात थोडेच. रोट दिवसागणिक कडक होत गेले. दुधात भिजवून, पाण्यात भिजवून म्हातारा खात राहिला. पोट बिघडलं. मी म्हटलं, "आबा, गाईला घाला." आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा बोलले नाही.

पौर्णिमेच्या संध्याकाळी भिंतीवरून हाक आली. गेले, तर डबा रिकामा झालेला. टेबलावर एक ताटली होती आणि तिच्यावर रुमाल. कडेला तपकिरी रेघ असलेला, धुऊन धुऊन विटलेला. आबा नोकरीत मानेशी खोचायचे तोच.

"एकच ऱ्हायना," आबा म्हणाले. "गोपालना."

मी खुर्ची ओढून बसले.

"आज पुनव शे. खाना तं पडीच. पन त्याले इचारेल नही." त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. "लावा त्याले."

मी म्हटलं, मी तुम्हाला त्याचा एकट्याचाच लावून देते, निवांत बोला.

"एकट्याले नको." आबा खाली पाहत होते. "बठ्ठासना समोर बोलनू व्हतू, मॅडम. बठ्ठासलेच बोलवा."

सगळ्यांदेखत बोलायचं, म्हणून मी ग्रुपलाच कॉल लावला. एकेक चौकोन उघडत गेला. सुरत, वापी, पुणे. चाललेल्या कॉलमध्ये बाहेरच्या माणसालाही जोडता येतं, हे मला शाळेच्या मीटिंगांनी शिकवलंय. अशोकला नंबर विचारला. त्याने तो इतक्या हळू सांगितला की दोनदा विचारावा लागला. मी गोपालला जोडलं. फोनची रिंग वाजत राहिली. बराच वेळ. पडद्यावर कुणी हालत नव्हतं. ती बंद पडली. मी आबांकडे न बघता पुन्हा लावली.

पडद्यावर एक काळा चौकोन आला. खाली नाव, गोपाल.

आबांचा हात दोरीकडे गेला नाही. "दारात उभा राहू नको" असंही ते ओरडले नाहीत. त्यांनी ताटली उचलली आणि रुमालासकट फोनसमोर धरली. ताटली कलली म्हणून मी खालून आधार दिला. ताटलीला हात लावायचा नसतो, हे मला नंतर आठवलं. आबांना आठवलं असेल, पण ते बोलले नाहीत.

"गोपाल," ते म्हणाले, "तुनी जागा धरेल शे. हाऊ दख, रुमाल टाकेल शे मी."

कुठल्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली आणि कुणीतरी धावत जाऊन गॅस बंद केला.

आबांनी रुमाल बाजूला केला, घडी घातली, मांडीवर ठेवला. रोटाचा तुकडा मोडला. मोडताना त्याचा आवाज झाला, इतका तो वाळला होता.

"तुना वाटाना शे. खाऊ का?"

घास हातात धरून ते बसून राहिले. मला वाटलं, आता रात्रभर हा माणूस असाच बसणार. अशोक पडद्यावर डोळे पुसत होता आणि पुसत नाही असं दाखवत होता.

मग काळ्या चौकोनातून आवाज आला. जाड, बसलेला. "खाई ल्या, आबा."

पुन्हा आला. "पानी घेईसन बसा. कोरडा व्हई गया व्हई तो."

आबांनी मान हलवली. मी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. त्यांनी तो रोट खाल्ला, कण न कण, मधूनमधून पाणी पीत. कुणी फोन बंद केला नाही. आठ घरं एका म्हाताऱ्याला जेवताना बघत होती. ताटली रिकामी झाली तेव्हा मला वाटलं, आता सगळे आलेत, कुणी यायचं राहिलं नाही. आबा थकलेले दिसत होते म्हणून डबल घंटी देण्यासाठी मीच दोरीला हात घातला.

आबांनी माझा हात धरला. चौकोन अजून काळाच होता. त्यावरची नजर न काढता ते हळूच म्हणाले, "राहू द्या, मॅडम. दारातच शे अजून. चढू द्या त्याले."