खांबाला पाणी घालणारे नागनाथअण्णा

नागनाथअण्णा रोज भर दुपारी पत्र्यावर चढून लोखंडी खांबाला पाणी घालतात, ही बातमी मला स्टाफरूममध्ये कळली. तांब्यामागून तांब्या, शिवाय बुडाशी ओलं पोतं. बसवकल्याणच्या उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची मारामार, तेव्हा गल्लीनं त्यांना वेड्यात काढलं यात नवल नव्हतं. मला नको तिथं चौकशी करायची खोड आहे. बायको तिला भोचकपणा म्हणते. मी त्याच दुपारी त्यांच्या घरी गेलो.

अण्णा आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेचे मदतनीस. खिशात कायम गवंड्याचा ओळंबा. तिरपं काही दिसलं की त्यांना अन्न गोड लागत नसे. एकदा मी वर्गात कविता शिकवत असताना ते आत आले, भिंतीवरची तसबीर सरळ केली आणि निघून गेले. पोरं आठवडाभर हसत होती.

त्यांच्या लेकानं पुण्याहून दोन पेट्या पाठवल्या होत्या. तिकडं एका कंपनीनं त्या पेट्या दोन इमारतींवर समोरासमोर लावल्या होत्या. या पेटीतून लेसरचा उजेड निघायचा, त्या पेटीत शिरायचा, आणि त्याच्यावर बसून कॉम्प्युटरचा सगळा मजकूर पळायचा. पुढं जमिनीतून केबल आली आणि पेट्या भंगारात निघाल्या. अण्णांनी एक कॉलेजच्या गच्चीवर बसवली, कारण चांगलं इंटरनेट तिथं होतं. दुसरी दोन गल्ल्या ओलांडून स्वतःच्या पत्र्यावर, त्या लोखंडी खांबाला.

"मध्ये तार कुठंय?" मी विचारलं.

"न्हाईच की. उजेडच तार हाय."

"मग दिसत का नाही?"

"देव तरी दिसायलाय व्हय? नजरेला नजर भिडली पायजे सर, बस."

प्राचार्यांनी आठ दिवसांची मुदत दिली होती. सकाळ ते संध्याकाळ एकदाही न तुटता चालवून दाखवा, नाहीतर गच्चीवरची पेटी उतरवा. अण्णांना घरात इंटरनेट कशाला हवं, हे मात्र ते सांगेनात. विचारलं की पेटीवरच्या नेम धरायच्या नळीला डोळा लावून म्हणायचे, "जरा सरका, सर."

पहिलं विघ्न शेजारच्या शरणक्काचं. तिनं गच्चीवर लुगडं वाळत घातलं आणि इंटरनेट बंद पडलं.

"अक्का, अंतरपाट काढा की! मधून इंटरनेट जायलंय."

"कुठं? मला तर काय दिसंना. त्येला म्हणावं, वरून जा."

शेवटी अण्णांनी तिच्या दोरीला नवे खुंटे ठोकून दिले, हातभर खाली. वर तिची धुण्याची बादलीही जिन्यानं चढवून दिली, तेव्हा ती मानली.

दुसरं विघ्न उन्हाचं. अण्णांनी सकाळच्या गारव्यात नेम धरला होता. दुपारी पत्रा तापून फुगायचा, खांब केसभर कलायचा, आणि तो केसभर कललेला उजेड कॉलेजपर्यंत पोचेस्तोवर हातभर चुकायचा. म्हणून ते पाणी. पण पाणी सुकलं की पुन्हा तेच. सहाव्या दिवशी अण्णा जेवले नाहीत, पत्र्यावरच बसून राहिले. मला वाईट वाटलं.

"अण्णा, सोडा की नाद. काय बघायचं ते कॉलेजात येऊन बघा."

"तिथं चार लोकं बघतेत!" ते एकदम ओरडले. अण्णांना रागावलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. कोण बघतं, काय बघतं, मला काहीच कळलं नाही.

मार्ग वहिनींनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, काढला. त्या जन्मापासून मुक्या-बहिऱ्या. मी गेलो की चहा ठेवून पदर सावरत आत जायच्या. त्या दिवशी बाहेर आल्या, पत्र्याकडं बोट दाखवून 'नको' असा हात हलवला, मग घराची जाडजूड दगडी भिंत थोपटली आणि कोपऱ्यातलं जातं ओढत आणलं. अण्णांनी कपाळावर हात मारला. जात्याचा वरचा दगड भिंतीच्या माथ्यावर चुन्यात बसला, दाणे टाकायच्या भोकात खांब उभा राहिला. भिंत काही पत्र्यासारखी फुगत नव्हती. आठव्या दिवशी दिवे लागेपर्यंत उजेड हलला नाही, आणि प्राचार्यांनी पेटी राहू दिली.

त्याच संध्याकाळी अण्णा मला घरी घेऊन गेले. कॉम्प्युटरवर लेक दिसत होता, आणि समोर वहिनी बोलत होत्या. दोन्ही हातांनी, भुवयांनी, खांद्यांनी. मध्येच हसत होत्या, मध्येच पडद्यावर बोट रोखून लेकाला दटावत होत्या. मी ज्यांना इतकी वर्षं गरीब, गप्प बाई समजत होतो, त्या भलत्याच बोलक्या निघाल्या. मला माझीच लाज वाटली.

"फोनात नुसता आवाज, काय कामाचा तिला?" अण्णा हळूच म्हणाले. "बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेलती. चित्र अडकायचं, हात अर्ध्यातच थांबायचे. वर पोरं तिची नक्कल करायची. तवापासून चार लोकांत तिनं पदरातून हात काढला न्हाई."

"आता काय म्हणतायत वहिनी?"

अण्णांनी तिच्या हातांकडं बघितलं.

"जेवण, पाणी, ये, जा, एवढंच कळतंय मला. बाकीची भाषा त्या दोघांनी मिळून केलेली, लेक लहान होता तवा. मी कामावर असायचो. त्यो पुण्याला गेला, तवापासून ती माझ्याशी जेवण-पाणी एवढंच बोलायलीय, सर."