निळी पेन्सिल मशीनला दिसत नाही

रेघ्याचं पहिलं कॉमिक छापून आलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्याच्या मावशीला झाला, आणि तिथेच घात झाला. छापून आलं म्हणजे कुणी प्रकाशक दारात येऊन उभा राहिला नव्हता. कागद मधोमध दुमडायचा, पाठीवर पिना मारायच्या आणि कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातात कोंबायचं, असा तो सगळा छापखाना. पण कॉलेजसाठी मावशीकडे राहायला आलेल्या ह्या पोराच्या चित्रांना नातेवाइकांत रिकामटेकडेपणा न म्हणणारी ती एकटीच होती. जेवणाचं टेबल तिने त्याला देऊन टाकलं होतं आणि स्वतः मांडीवर ताट घेऊन जेवायची.

मावशी एका लाँड्रीच्या काउंटरवर बसायची. बसायची म्हणजे राज्य करायची. गठ्ठा हातात घेतला की माणूस ओळखायची, आणि संध्याकाळी जेवताना दिवसभराची गिऱ्हाइकं ताटात वाढायची. हेडमास्तरांचे शर्ट बगळ्यासारखे, पण आतल्या बनियनला एवढी भोकं की पीठ चाळून घ्यावं. दातांच्या डॉक्टरीणबाई जगाला गोड खाऊ नका सांगतात आणि त्यांच्या एप्रनच्या खिशात चॉकलेटचे कागद. जिमवाला पोटपट्टा धुवायला टाकतो, तोही पेपरात गुंडाळून. आणि खुद्द मालक? त्याला साबण आणि स्टार्च ह्यांतला फरक अजून कळायचाय. रेघ्या हसून हसून ठसक्याने लाल व्हायचा. मावशी पाठीवर थापट्या मारत म्हणायची, "बाहेर बोलू नकोस हं."

तो बोलला नाही. त्याने कॉमिक काढलं. जंगलात एक लाँड्री, काउंटरवर लांब मानेची जिराफीण आणि समोर रांगेत बगळा, मांजर, फुगवलेला मोर, पाणघोडा. नाव नाही, गाव नाही. कुणाच्या बापाला कळलं नसतं.

आता चित्रं काढणाऱ्यांची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. ही मंडळी आधी फिकट निळ्या पेन्सिलीने कच्चं काढतात आणि त्यावर काळी शाई फिरवतात. निळं खोडत बसत नाहीत, कारण काळं-पांढरं झेरॉक्स मशीन त्या निळ्याला ओळखच देत नाही. म्हणून निळ्या पेन्सिलीत माणूस वाटेल ते लिहितो. रेघ्यानेही प्रत्येक चौकटीत स्वतःसाठी टिपून ठेवलं होतं. बगळ्याच्या पायाशी, 'हेडमास्तर, भोकं वाढव.' मांजरीच्या खिशाजवळ, 'दातांच्या मॅडम, कागद बाहेर डोकावू देत.' मोराच्या कमरेला बाण, 'जिमवाला. मावशी म्हणते एक पट्टा पुरत नाही.' पाणघोड्याच्या डोक्यावर, 'मालक. आत काही नाही, मावशीला विचार.'

एक ओळ खोडायला किती वेळ लागतो? पण मशीनला दिसत नाही ना, मग कशाला. आपण सगळे असेच जगतो. ज्याला दिसू नये त्याला दिसणार नाही ह्या भरवशावर.

सकाळी मूळ पानं झेरॉक्सवाल्याकडे टाकून तो वर्गाला पळाला. झेरॉक्सवाल्याचं जुनं मशीन त्याच आठवड्यात मेलं होतं. नवीन आलं होतं ते रंगीत, आणि त्याची नजर गिधाडाची. पहिलं पान बाहेर आलं तसं झेरॉक्सवाल्याला वाटलं, पोराने कायतरी नवीन डिझाइन केलंय. त्याने कौतुकाने सगळ्या प्रती रंगीत काढल्या, दुमडल्या, पिनाही मारून ठेवल्या. कधी नव्हे ते मन लावून काम केलं माणसाने.

दुकान लाँड्रीला लागूनच, म्हणून प्रती मावशीने आणल्या. मुखपृष्ठावर भाच्याचं नाव बघून तिला भरून आलं. आत बघितलं नाही. घरी चहा घेऊन निवांत वाचणार होती. पण तोवर दम कुठला निघायला? तयार असलेल्या प्रत्येक इस्त्रीच्या गठ्ठ्यात तिने एकेक प्रत सरकवली आणि गिऱ्हाइकांना सांगितलं, घरी गेल्यावर नक्की वाचा, आमच्या पोराचं आहे.

दुपारी रेघ्या लाँड्रीत आला. काउंटरवर उरलेली प्रत त्याने उघडली आणि पुन्हा मिटली. मावशी डबा खात होती, आणि बाकीच्या प्रती गठ्ठ्यांतून घरोघरी गेल्या असं तिने कौतुकाने सांगितलं. तिला सांगायचं सोडून तो पळत सुटला, आणि त्याच्या मूर्खपणाची खरी सुरुवात इथून होते. आधी सांगितलं असतं तर ती निदान तयार राहिली असती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई कुणाचा तरी जबडा उघडून उभ्या होत्या. बाहेर बसलेला पेशंट कॉमिक वाचत होता आणि सुजलेला गाल धरून हसत होता. रेघ्याने प्रत मागितली, तर तो म्हणाला, मॅडमची आहे, त्यांना विचार. मॅडमनी आतूनच ऐकलं आणि प्रत मागवून घेतली. जिममध्ये पोहोचला तेव्हा उशीर झाला होता. जिमवाला घाम पुसत होता आणि त्याचे चेले त्याच्या कमरेकडे बघत नव्हते, मुद्दाम.

हेडमास्तरांनी दार उघडलं तेव्हा कॉमिक त्यांच्या हातातच होतं. रेघ्याने तोंडाला येईल ते सांगितलं, सर, हे तुम्ही नव्हेत, हे पलीकडच्या शाळेचे. सरांचा चेहरा उजळला. पलीकडचे हेडमास्तर त्यांच्या डोळ्यांत कुसळासारखे सलायचे. त्यांनी लगेच फोन लावून त्यांचं सांत्वन केलं. पलीकडच्यांनी शांतपणे सांगितलं की त्यांचे कपडे घरीच धुतले जातात.

संध्याकाळी सगळे काउंटरवर जमले. मावशी ओळखीचं हसली आणि विचारलं, आवडलं का. डॉक्टरीणबाईंनी प्रत उघडून तिच्यापुढे ठेवली. मावशीने तिथे, सगळ्यांदेखत, पहिल्यांदा वाचली. रेघ्या दारात उभा होता. ती एकेका बाणावर बोट ठेवत गेली आणि शेवटी पाणघोड्यावर थांबली, तेव्हा मालक तिच्या मागेच उभा होता.

रेघ्या पुढे होऊन म्हणाला, हे मी मनाने लिहिलंय, मावशी असलं काही बोलली नाही. त्यावर जिमवाला एवढंच म्हणाला, "मग पट्ट्याचं तुला कुठून कळलं?"

मालकाने तिला काढलं नाही, एवढा तो भला. पण दुसऱ्या दिवसापासून काउंटर बंद, मावशी मागे इस्त्रीच्या खोलीत. तिथे गिऱ्हाईक येत नाही, चेहरा येत नाही, फक्त कपडे येतात.

घरी तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. तिने ताट घेतलं, मांडीवर ठेवलं. रेघ्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिला की नावं बदलली होती, जनावरं केली होती, निळं उमटायचंच नव्हतं.

"उमटायचं नव्हतं तर लिहिलंस कशाला?"

"लक्षात राहावं म्हणून."

"मी घरात बोलले होते रे," ती म्हणाली. "घरातल्या माणसाशी."

त्यानंतर जेवताना ती भात वाढू का विचारायची, मीठ बरोबर आहे का विचारायची. बास. टेबल मात्र तिने परत मागितलं नाही. मागितलं असतं तर त्याला बरंच सोपं गेलं असतं.

इकडे जिमला जाणाऱ्या एका वर्गमित्राने प्रत कॉलेजात आणली आणि रेघ्या रातोरात मोठा झाला. काय ती निळ्या अक्षरांची कल्पना, काय ते धाडस. धाडस कसलं डोंबलाचं? खोडायचा आळस होता. पण कौतुक करणाऱ्याला कारण सांगायला गेलं की तो त्याचंही कौतुक करतो. सगळे विचारू लागले, पुढचं कधी?

पुढचं त्याने पुढच्या सत्रात काढलं. चंद्रावर राहणाऱ्या खेकड्यांचं. निळी पेन्सिल खोडून खोडून कागदाला भोक पाडलं. पायऱ्यांवर लोकांनी ते चाळलं, छान म्हणाले आणि वर्गात जाताना कट्ट्यावरच ठेवून गेले.

पहिली प्रत त्याने मावशीच्या हातात दिली. तिने चष्मा लावला. पान न् पान वाचलं, कोपऱ्यांतूनही बघितलं, कागद उजेडाकडे धरून बघितला.

"ह्यात कोण कोण आहे?"

"कुणीच नाही, मावशी. शप्पथ."

"बरं केलंस," ती म्हणाली. परत एकदा पहिल्या पानापासून चाळून तिने ते त्याच्यापुढे सरकवलं. "पण मग हसायचं कुणाला?"