पोहण्याच्या बाईंची आकडेमोड

यंदाच्या वसंतात अख्खं डेन्मार्क मला ओळखेल, असं मी जानेवारीतच मुलीला, सिग्नेला, ठणकावून सांगितलं होतं. मी बोडिल. पाण्याला घाबरणाऱ्या मोठ्या माणसांना ऑल्बोर्गच्या तरणतलावात पोहायला शिकवते. सतरा वर्षं शिकवतेय आणि वर्गात माणसं पाच! सिग्नेच्या मते माझ्या शिकवण्यात काही खोट नव्हती, मी लोकांना दिसतच नव्हते. तिने मोबाइलसाठी तिपाई आणून दिली आणि रोज एक व्हिडिओ टाकायला बजावलं.

महिनाभरात मला आकड्यांची अशी चटक लागली, की सकाळी आधी फॉलोअर मोजायचे आणि मग पावाला लोणी लावायचं.

एका मंगळवारी वर्गात प्रेबेन होते. वय अडुसष्ट. जन्मभर बोटीवर स्वयंपाक केलेला माणूस, पण पोहता येत नव्हतं. चार महिने ते काठाच्या दांडीला घोरपडीसारखे चिकटून होते. मी काठावर उभी राहून मोबाइलसमोर श्वासाचं महत्त्व सांगत होते. तेवढ्यात मागून त्यांची आरोळी आली, "बाई, हात सुटला!"

बुडाले की काय! मी गर्रकन वळले, ओल्या फरशीवर घसरले आणि बूट, शिट्टी, ट्रॅकसूट सगळ्यासकट धप्पकन पाण्यात! डोकं वर काढते तर प्रेबेनच छातीभर पाण्यात उभे राहून किंचाळत मला कॉलर धरून काठाकडे ओढत होते.

मोबाइलने सगळं टिपलं होतं. प्रेबेनना न विचारताच मी ते संध्याकाळी टाकून दिलं. तीन दिवसांत साडेतीन लाख लोकांनी पाहिलं. नऊ हजार फॉलोअर! मी लगेच रविवारी सर्वांसाठी खुला वर्ग जाहीर केला. चाळीस टॉवेल आणले, दालचिनीचे ऐंशी पाव सांगितले.

आले सहा जण. पाण्यात कुणीच उतरलं नाही. सगळ्यांना माझ्याबरोबर फोटो हवा होता. एकाने तर नम्रपणे विचारलं, परत एकदा पडून दाखवता का?

पुढच्या मंगळवारी प्रेबेन आले नाहीत. मी उरलेले पाव घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी कॉफी दिली, पण स्वतः बसले नाहीत. बेकरीत लोक त्यांना किंचाळून दाखवत होते म्हणे. मी माफी मागितली.

ते म्हणाले, "त्या दिवशी दांडी सोडून मी पाठीवर तरंगलो होतो. अकरा सेकंद. तेच सांगायला ओरडलो. तुम्ही पाहिलंत?"

मी पाहिलं नव्हतं. त्या साडेतीन लाखांनीही पाहिलं नव्हतं, कारण मोबाइलसमोर मी होते आणि प्रेबेन माझ्या पाठीआड.

तिथेच, त्यांच्यासमोर, मी तो व्हिडिओ काढून टाकला.

दोन मंगळवार गेले आणि प्रेबेन आले. पाण्यात उतरले, दांडी सोडली, पाठीवर आडवे झाले. मी काठावर उकिडवी बसून पापणी न हलवता मोजत होते. चौदा सेकंद! माझेच डोळे भरून आले.

तेव्हापासून मी एका वहीत एवढंच लिहिते: काल जमत नव्हतं ते आज कुणाला जमलं.

परवा सिग्नेने फोनवर विचारलं, "काय मग आई, या आठवड्यात किती?"

"दीड."

"दीड कसे?"

"एका बाईंनी पहिल्यांदाच तोंड पाण्यात घातलं," मी म्हटलं, "आणि एका गृहस्थांनीही घातलं, पण नाक वर ठेवून."